पितळी तांब्या

मंगळवार, एप्रिलअखेर. चिकलठाणा

पाय ठणकताहेत, पण लिहून टाकते. आज आम्ही वस्तीतल्या बाया रिकामे हंडे घेऊन नव्या सोसायटीच्या गेटसमोर बसलो. त्यांना रोज टँकर, आम्हाला आठवड्यातून एकदा. दगड उचलायचा नाही, शिवी द्यायची नाही, असं शांतामावशीनं सकाळीच बजावलं होतं.

दुपारी सोसायटीतली एक बाई पितळी तांब्या घेऊन खाली आली. "उन्हात बसलात, पाणी घ्या," म्हणाली. चांगुलपणानंच म्हणाली. अन् वरून धार धरली.

माझी ओंजळ आपोआप पुढं झाली. माझी! दर जयंतीला महाडच्या तळ्याबद्दल भाषण ठोकणारी मी. हे हातांना कुणी शिकवलं?

मावशीनं माझे हात खाली केले. "बाई, तांब्याच द्या की हातात."

बाई थबकली, मग दिला. आम्ही सगळ्या त्यातूनच प्यायलो.

संध्याकाळी पाण्याचे साहेब आले, "बघतो" म्हणून गेले. उठताना मी तांब्या परत द्यायला गेले, तर बाईनं हात मागं घेतला. "राहू द्या तुमच्याकडंच."

भांडायचं त्राणच नव्हतं. तळ्याचं पाणी घेऊन इतकी वर्षं झाली, अन् आपण अजून एका तांब्यापाशी?

आत्ता मावशी दारात येऊन गेली. तांब्याकडं बघून म्हणाली, "उद्या परत तिथंच बसायचंय. हा घेऊन ये. तिच्या हातात दिल्याबिगर उठायचं नाय."