बोटीवरून आणलेली जपानी पूड

अहो,

सोमवारी मला ऑपरेशनला कोल्हापूरला नेणार आहेत. घरात विषय काढला की आपल्या मेधाचे डोळे भरतात, म्हणून तुम्हालाच लिहितेय.

माझ्या हृदयाची झडप कडक होऊन अरुंद झालीय. चुना साचावा तसं झालंय म्हणे. विहिरीवरून घरात येताना मध्येच पायरीवर बसावं लागतं. तुम्हालाही असाच दम लागायचा ना? मग मला का नाही सांगितलंत? बोटीवरच्या नोकरीत गप्प राहायची सवय असेल, पण हे घर होतं.

तुमच्या ऑपरेशनला तुम्ही स्वतः चालत आत गेलात. "उद्या पेज आण," म्हणालात. दुसऱ्या दिवशी मी पेज घेऊन आले, तर तुम्ही नव्हतात. तेव्हापासून हॉस्पिटलचा वास आला तरी मी दारातूनच मागे फिरते.

बोटीवर पोट बिघडलं की घ्यायचात ती जपानची कडू पूड आठवते? एक पाकीट कपाटात राहिलं होतं. गेल्या महिन्यात मेधाने मोबाइलवर वाचून दाखवलं, की जपानचं एक जुनं झाडपाल्याचं औषध अशा झडपेवर चालेल का, ते तपासतायत. पुढचं मी ऐकलंच नाही. ती बाजारात गेल्यावर पूड कोमट पाण्यात कालवली. वाटलं, तुम्ही माझ्यासाठीच मागे ठेवलीत.

पेला ओठाला लावला, तोच मेधा दारात.

"आई, काय पितेयस?"

"बाबांचं औषध. मला नाही गो छाती उघडून घ्यायची."

तिने पेला ओतून टाकला आणि पाकीट घेऊन मला डॉक्टरांकडे नेलं.

"काकू, हे पोटाचं दिसतंय, शिवाय जुनं झालंय," ते म्हणाले. "बातमीतलं औषध वेगळं. त्याचेही प्रयोग अजून प्रयोगशाळेतच आहेत. आणि यात ज्येष्ठमध असला तर तुमचं प्रेशर वाढेल."

"मग ते तयार होईपर्यंत थांबू या?"

"तुमची झडप थांबणार नाही, काकू."

त्यांना मी हो म्हटलं. पण झोपताना छातीवर हात ठेवते, तर खालची धडधड परक्या कुणाची वाटते. तुम्हीही असेच घाबरला होतात का? त्या सकाळी माझा हात जरा जास्तच घट्ट धरला होतात.

परत येईन असं वचन मी देऊ शकत नाही, ते माझ्या हातात नाही. पण वाटेत पाली गाव आलं, घर मागे पडलं म्हणून गाडी मागे वळवायला सांगणार नाही. जाईन, एवढं वचन घ्या.

तुमचीच,
सुमन