बावडीच्या भिंतीचं प्लास्टर

॥ श्री ॥
भोपाळ, २७ ऑक्टोबर १९९६

ती. स्व. ताईस,
अच्युतचा शि. सा. न. वि. वि.

बावडीच्या दुरुस्तीला खरं काय लागलं ते तुला सांगून टाकतो, समितीच्या अहवालात ते यायचं नाही. अकरा रविवार, माझ्या उजव्या अंगठ्याचं नख, कारखान्यातल्या चार दोस्तांची दुपारची झोप आणि निर्मलाचा अबोला, गुढीपाडव्यापासून थेट अक्षय तृतीयेपर्यंत. पाडव्याला मी सिमेंटच्या हातांनी गुढीपुढे उभा राहिलो, ते तिने अजून मनातून काढलेलं नाही.

बावडी म्हणजे आमच्या टाउनशिपच्या कुंपणालगतची जुनी दगडी पायविहीर. वीस वर्षं लोक तिच्यात कचरा टाकत होते. आम्ही गाळ उपसला, पायऱ्या मोकळ्या केल्या. पायऱ्यांवर जी उंच भिंत येते तिचा चुना गळत होता, म्हणून तिला मी स्वतः एकास तीन सिमेंटचं प्लास्टर केलं. भिंतीत ओळीने सात भोकं होती, पारव्यांनी घाण केलेली. तीही बुजवून सपाट केली. आता भिंत अशी दिसते की हात फिरवावासा वाटतो. ते प्लास्टर कुणाला काढायचं झालं तर सुरुंगच लावावा लागेल.

नोव्हेंबरात वारसा सप्ताह आहे. रविवारी २४ तारखेला टाउनशिपमधली माणसं आणि शाळेची दोनशे मुलं बावडी पाहायला येणार. मुलं पायऱ्यांवर बसतील आणि खाली कट्ट्यावर मोठ्या साहेबांच्या हस्ते माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. समितीचे सचिव काशिनाथराव यांनी मानपत्र लिहायला घेतलंय. ताई, मी या गावात माल कालवणारा मजूर म्हणून आलो आणि जानेवारीत फोरमन म्हणून निवृत्त होतोय. एवढ्या वर्षांत पगार वेळेवर मिळाला, टाळी एकदाही नाही. तू यायलाच हवंस.

पाऊस छान झाला. भिंतीच्या एका कोपऱ्यात जरा ओल दिसते, ती उन्हाने सुकेल.

तुझा लोभ आहेच, तो २३ तारखेच्या गाडीत बसवून पाठव.

तुझा,
अच्युत


ग्वाल्हेर, ३ नोव्हेंबर १९९६

चि. अच्युत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. गल्लीत सगळ्यांना वाचून दाखवलं. समोरच्या विजयाबाईंनी विचारलं की बावडी बांधली तुझ्या भावाने का, तर मी नाही म्हणाले नाही. शालीचा रंग तेवढा आधी पाहून घे. गेल्या वेळी इथल्या एका सत्कारात दिलेली शाल पहिल्या धुण्यात धोतराला लागली.

निर्मलाला सांग की मी तिच्या बाजूने आहे.

एक विचारते. छत्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, ती सवय जात नाही. ज्या पोराची पाटी फुटलेली असे ते घरच्या मांजरीबद्दल पानभर लिही आणि पाटीबद्दल शेवटी एक ओळ. तू शालीबद्दल पानभर लिहिलंस. त्या ओलीचं काय आहे?

दिवाळीला चकली कमी खा. फोन करू नकोस, डाव्या कानाने आता काहीच ऐकू येत नाही आणि उजवा कुरकुरतो. लिहीत जा.

माया कमी होणार नाही, तू खरं लिहायचं कमी करू नकोस.

तुझी,
ताई


भोपाळ, १५ नोव्हेंबर १९९६

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाऊबीजेला तुझी ओवाळणी मनातल्या मनात घेतली. उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं.

गेल्या आठवड्यात काशिनाथराव अशोका गार्डनमधून शकूर मियाँ म्हणून एक म्हातारे कारागीर घेऊन आले. जुन्या इमारतींचं चुन्याचं काम करण्यात त्यांचा जन्म गेला. २४ तारखेला त्यांनी मुलांना चार शब्द सांगावेत असं ठरत होतं. मियाँनी मला अदबीने सलाम केला, फोरमन साहब म्हणाले, भिंतीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं की सातों सुराख कुठे गेले. मी अभिमानाने सांगितलं की बुजवले. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

मग हळूच सांगितलं. ती भोकं पारव्यांसाठी नव्हती. भिंतीमागच्या मातीतलं पावसाचं पाणी बाहेर पडायला बांधणाऱ्याने ती ठेवली होती. बाकीची ओल चुन्यातून सुकत जायची. मी पाण्याची दारं लावून घेतली आणि वर सिमेंटचा रेनकोट चढवला. पाणी आत साठलंय आणि भिंतीला पुढे ढकलतंय, असं त्यांचं म्हणणं. जाताना म्हणाले की गलती सबसे होती है, फोरमन साहब, आणि ते मला फार लागलं, कारण त्यात टोमणा नव्हता.

सगळे गेल्यावर मी हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवून पाहिली. माझे कान तुला ठाऊक आहेत, क्वार्टरची भिंत वाजवून आतला नळ कुठे गळतो ते मी सांगतो. ही भिंत दीड पुरुष उंचीपर्यंत रिकाम्या डब्यासारखी वाजली. ओळंबा सोडला तर मधोमध दोन बोटं पोट सुटलेलं. तिच्याखालीच मुलं बसायची आहेत.

मी काशिनाथरावांना अजून सांगितलेलं नाही. मानपत्र छापून आलंय. त्यात जुन्या कामाचा डोळस रक्षक असं मला म्हटलंय. कदाचित भिंत महिनोन्महिने उभी राहील. दोन तासांचा तर कार्यक्रम. नंतर गुपचूप भोकं उघडतो, असं रोज सकाळी ठरवतो आणि दुपारी पुन्हा जाऊन भिंत वाजवतो. निर्मला विचारते की जेवणात लक्ष का नाही.

काय करू ते लिही. लोभ कमी झाला तरी समजून घेईन.

अच्युत


ग्वाल्हेर, १८ नोव्हेंबर १९९६

चि. अच्युत यास,
आशीर्वाद.

मी २३ तारखेला सकाळच्या गाडीने पोचते. तिकीट काढलं आहे. उतरवून घ्यायला निर्मलाला पाठव, तू कामात असशील.

काय करू असं तू विचारलंस. मी काही सांगणार नाही. फक्त माझी बसायची जागा कळवते. मी मुलांच्या रांगेत, त्या भिंतीच्या बरोबर खाली, जिथे पोट सुटलंय म्हणतोस तिथल्या पायरीवर बसेन. भावाचा सत्कार जवळून पाहायचा आहे. भिंत काही बोलली तर मला ऐकू येणार नाही, तुला येईल. तेव्हा हातात शाल असेल, ती बाजूला ठेवून ओरड.

विजयाबाईंना काही सांगितलेलं नाही.

तुझ्यावरचा जीव तसाच आहे, म्हणून तर येते.

ताई


भोपाळ, २९ नोव्हेंबर १९९६

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पोचल्याचं पत्र मिळालं. तू इथे दोन दिवस होतीस पण तुझ्याभोवती सतत कुणीतरी, त्यामुळे बुधवारचं सांगायचं राहिलंच.

तुझं पत्र बुधवारी दुपारी आलं. वाचून तसाच काशिनाथरावांकडे गेलो. ते आधी म्हणाले की रविवार होऊन जाऊ दे, साहेबांना काय तोंड दाखवू. मी त्यांना बावडीवर नेलं, भिंतीला कान लावायला सांगितला आणि दांडा मारला. मग ते कुठल्या पायरीवर उभे आहेत ते त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि पटपट वर आले. पायऱ्या बंद करायला दोर त्यांनीच मागवला. मुलांना वरून, चिंचेखालून बावडी दाखवायची असं ठरलं. मानपत्राचं काय ते त्यांनी विचारलं नाही, मीही नाही.

रविवारी मी मुलांपुढे उभा राहून भोकं का बुजवली ते सांगितलं तेव्हा तू खुर्चीत बसून मान हलवत होतीस. ऐकू येत होतं की नुसतीच हलवत होतीस, ते कळव. मागच्या रांगेत साहेब शेजाऱ्याला म्हणाले की ये आदमी रिटायर हो रहा है क्या, ते मला नीट ऐकू आलं. त्या मानाने मियाँना टाळ्या चांगल्या पडल्या. भोकातून पाणी कसं येतं ते त्यांनी मुलांना सांगितलं, तेव्हा एका मुलीने विचारलं की मग हे काकांना कुणी सांगितलं नव्हतं का. मियाँ म्हणाले की काकांनी विचारलं नव्हतं.

काल काम सुरू केलं. पहिलं भोक उघडलं आणि विटकरी पाण्याची धार जी लागली ती संध्याकाळपर्यंत. मागचे दोन दगड नुसत्या हाताने हलत होते. त्यातला एक निर्मलाने पाहिला आणि ती घरी गेली. रात्री मला वाढताना पानात दोनदा तूप घातलं. चुना आता खड्ड्यात भिजतोय, तीन आठवडे भिजेल, आणि तो रोज ढवळायचं काम मियाँनी माझ्याकडे दिलंय. मी पुन्हा माल कालवतोय.

विजयाबाई विचारतील, त्यांना तुला हवं ते सांग. माझ्यावर माया धरून राहा, निवृत्तीनंतर तिची सवय लागेल.

तुझा,
अच्युत

ता. क. प्लास्टर काढायला किती दिवस लागतील असं तू स्टेशनवर विचारलं होतंस. मियाँच्या सुनेने आणि तिच्या जावेने ते पाऊण तासात काढलं. छिन्नी लागली नाही, हातांनीच निघालं.