सैल नेसलेलं लुगडं

आई,

तुझ्या आजाराचं नाव मला पहिल्यांदा उर्दूत कळलं. हैदराबादेत डॉक्टरी शिकत असताना एका दुपारी सरांनी फळ्यावर कातडीच्या सरतानाचं, म्हणजे कर्करोगाचं, चित्र काढलं. मधे खोल जखम, आणि भोवती वर उचलली गेलेली, जाड, बाहेर वळलेली कड. आम्ही सगळ्यांनी ते उतरवून घेतलं. कड शिसपेन्सिलीने गडद करता करता माझा हात थांबला. ही कड मी पाहिली होती. लातूरच्या आपल्या घरी, न्हाणीच्या दगडावर तू पाठमोरी बसली होतीस, मी तेलाची वाटी द्यायला आत आले, आणि तू घाईघाईने ओला पदर कमरेवर ओढून घेतलास. तेवढ्यात जे दिसलं ते हेच होतं. शेजारच्या मुलीने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, पेन्सिलीचं टोक मोडलं.

तू गेलीस तेव्हा मी परकर सोडून नुकती लुगड्यात आले होते. आता मी नांदेडच्या सरकारी दवाखान्यात बायकांच्या बाजूला काम करते. दादांना अजूनही ते नीटसं खरं वाटत नाही. तहसिलीतल्या आपल्या जुन्या सोबत्यांना सांगतात, "आमची पोरगी पदवीधर झाली," आणि मग हळूच म्हणतात, "डॉक्टरीणबाई म्हणतात तिला." मला मात्र सारखं वाटतं की हे सगळं शिकून मी ते ज्याला सांगायला हवं होतं त्या माणसापाशी उशिरा पोहोचले. म्हणून तुला लिहिते आहे.

आपल्या घरचा स्वयंपाक ओलेत्याने व्हायचा. तू आडावर न्हायचीस, तेच ओलं लुगडं पिळून नेसायचीस आणि चुलीपुढे बसायचीस. भाकरी होईतो ते अंगावरच वाळायचं. आता मला कळतं की ओल्या सुताची गाठ वाळताना किती आवळते. तुझ्या कमरेवर, उजवीकडे हाडाच्या जरा वर, काळा पट्टा होता. तसा तो सगळ्याच बायकांच्या कमरेवर असायचा. आम्ही मुली नदीवर न्हाताना तो बघायचो आणि आम्हाला वाटायचं, मोठं झालं की हा आपोआप येतो. मला पहिल्यांदा लुगडं नेसवलंस तो दिवस मला आठवतो. तू माझ्या पाठीला गुडघा लावतेस आणि गाठ ओढतेस.

"पोट आत घे."

"दुखतंय गं."

"दुखू दे. चार दिवसांनी दुखायचं नाही. सैल नेसणारी बाई चारचौघींत उठून दिसते, आणि चांगल्यासाठी नाही."

चार दिवसांनी खरंच दुखलं नाही.

तुझ्या पट्ट्यावर आधी साल निघायला लागली, मग चीर पडली, मग जखम. तू हळद लावलीस, कात लावलास, बिब्बा घातलास. बिब्ब्याने ती आणखी पोळली. मग तू फडक्याची घडी ठेवून त्यावरूनच गाठ मारायला लागलीस, कारण दाबून बांधलं की ठणका कमी वाटायचा. वाहती जखम सोवळ्याला चालत नाही. ती दाखवली असतीस तर तुला चुलीपाशी बसू दिलं नसतं, आणि महालक्ष्म्या जवळ आल्या होत्या. महालक्ष्म्यांचा स्वयंपाक तू कुणाच्या हाती दिला नव्हतास. तेव्हा तू गप्प राहिलीस. सण झाला, आणखी एक सण झाला. दादांना कळलं ते वासाने.

त्यानंतर वैद्याचे लेप झाले, आणि शेवटी आगगाडीने दूरच्या मोठ्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांनी जखम पाहिली, मग तुझी जांघ चाचपली, आणि त्यांचा हात तिथेच राहिला. दादांना बाजूला घेऊन ते म्हणाले की आतल्या गाठी दगडासारख्या झाल्या आहेत, आता सुरी लावण्यात अर्थ नाही, वर्षभर आधी आणलं असतं तर जखम कापून काढली असती. दादा भिंतीला टेकून उभे राहिले. तू मात्र परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मला म्हणालीस, "त्या डॉक्टरांनी हात किती वेळ धुतले, पाहिलंस का? कोपरापर्यंत. आणि मग कशालाही शिवले नाहीत, दाराची कडीसुद्धा दुसऱ्याने काढली. याला म्हणतात सोवळं." तुला त्यांचं कौतुक वाटलं होतं. पुढच्या महालक्ष्म्यांना तू नव्हतीस.

मी आता तसेच हात धुते, आई. कोपरापर्यंत.

सगळ्याच गाठी वाईट नसतात, हे मला तुला सांगायचं आहे. आमच्याकडे चामखिळीला घोड्याचा केस बांधून, तिथे पिकवून आलेल्या बायका येतात. ती चामखीळ आम्ही जागा बधिर करून खरवडतो किंवा तापल्या तारेने जाळतो, आणि त्या डोळे मिटून बसल्या असतानाच काम होतं. मानेमागे लिंबाएवढी चरबीची गाठ घेऊन कुणी येते. कातडीला एक चीर दिली की ती शेंगेतून दाणा निघावा तशी बाहेर येते, वर टाके. जी जखम महिनोन्महिने भरत नाही, जिची कड जाड होते, तिला मात्र जाळून, खरवडून भागत नाही. आधी कडेचा हरभऱ्याएवढा तुकडा काढून हैदराबादेला सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पाठवायचा. तिकडून जवाब वाईट आला तर जखमेच्या चारी बाजूंनी बोटभर चांगली कातडी धरून, खाली खोलवर, सगळं एकदम काढायचं. बोटभर चांगलं कापून टाकायला जीव होत नाही, पण तिथे हात आखडला तर ते परत येतं. जागा लहान असली तर कडा ओढून शिवतात. मोठी असली तर मांडीवरून कागदासारखा पातळ पापुद्रा काढून तिथे पसरतात, आणि तो धरतो. जांघेत गाठी लागत असतील तर त्याही काढायच्या, त्या मऊ आणि हलत्या आहेत तोवर. एवढंच आहे, आई. पण हे सगळं वेळेत करावं लागतं.

कापसाच्या वेचणीआधी हदगावकडची एक बाई आली. चाळिशीची, उंच, तोंडाने फटकळ. टेबलावर झोपायच्या आधीच म्हणाली, "डाक्टरीणबाई, तुम्ही लग्नाच्या पोरीवानी दिसून राहिल्या. मोठी डाक्टरीण कुठं हाय?" मी म्हटलं, मीच आहे. "बरं बाई, मंग तुम्हीच बघा." तिने लुगड्याची गाठ सोडली. उजवीकडे, हाडाच्या जरा वर, काळ्या पट्ट्यात रुपयाएवढी जखम. कड वर आलेली. मी तिची जांघ चाचपली. काही लागलं नाही. मी पुन्हा चाचपली. खरंच काही नव्हतं.

तुकडा पाठवला. ती परत येईल असं वाटलं नव्हतं, पण जवाब आला त्या आठवड्यात ती नवऱ्याला घेऊन आली. मी तिला सगळं समजावून सांगितलं, जसं वर तुला लिहिलं तसंच. तिने ऐकून घेतलं आणि हसली.

"मांडीचं कातडं कमरंला? म्या बाई हाय का जोडा?"

"भूल देतात. कळणार नाही तुम्हाला."

"कळाया मी उरले तर ना. आमच्या गावात एकीच्या गळवाला सुरी लावली, आठ दिसांत गेली. लोखंड लागलं की ते खवळतं, बाई. ऱ्हाऊ द्या. मलम द्या, गाडी उभी हाय." मग म्हणाली, "आन् तुम्ही म्हणता, पुन्हा आवळून नेसायचं न्हाई. ढिलं नेसून रानात जाऊ व्हय? लोकं काय म्हणतील?"

आमचे मोठे डॉक्टरसाहेब नांदेडातल्या जुन्या मुसलमान घराण्यातले. त्यांच्या हाताखाली मी शिकते. मी धावत त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, तुम्ही तिला जरा दटावा. त्यांनी चष्मा पुसत माझ्याकडे बघितलं. "डराके राजी मत करना बेटी. डरके आई तो टेबल पर से भाग जाती. समझाके लाओ." मी म्हटलं, समजावून झालं. "तो फिर से समझाओ. उसकू जो पूछना है, वो अभी पूछीच नहीं होगी."

मी परत आले. नवरा बैल जुंपायला गेला होता. ती बाकावर बसून फडक्याची घडी जखमेवर ठेवत होती, आणि तिने गाठ मारायला हात मागे नेला. तो हात बघून मला पुढचं सगळं दिसलं. लेप, वास, आगगाडी. तिच्यामागे घरात एक मुलगी होती, तिच्याबद्दल ती दोनदा बोलली होती.

"बाई," तिने एकदम विचारलं, "पुस्तकातलं सोडा. तुमच्या वळखीत कुणाला झालं व्हतं का हे?"

"माझ्या आईला झालं होतं."

तिचा हात थांबला. "असंच? हितंच?"

"इथेच."

"मंग? कापलं?"

आई, मी गांधीटोपीवाल्यांच्या सभांना लपून जाणारी मुलगी. खरं बोलायचं, त्याचे परिणाम भोगायचे, हे मी वसतिगृहात मोठमोठ्याने सांगत असे, आणि माझा त्यावर विश्वास होता, अजून आहे. डॉक्टरसाहेबांचं म्हणणंही खरं निघालं होतं. तिला जे विचारायचं होतं ते तिने आत्ताच विचारलं होतं. मी म्हटलं, "कापलं. आता बरी आहे."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने गाठ न मारताच लुगड्याचा काठ हातात धरला आणि दाराकडे तोंड करून ओरडली, "अवो, बैलं सोडा! म्या ऱ्हायले!"

दुसऱ्या सकाळी डॉक्टरसाहेबांनी कापलं, मी हाताखाली होते. त्यांनी जखमेभोवती बोटभर चांगली कातडी धरली, आणि मी नजरेनेच म्हटलं, आणखी थोडं. त्यांनी थोडं आणखी घेतलं. मांडीवरचा पापुद्रा मी पसरला. पहिल्यांदा पट्टी सोडली तेव्हा कातडी फिकट गुलाबी होती आणि धरली होती. तिने मान वळवून बघितलं आणि म्हणाली, "माझीच हाय ना वो?" सगळ्या खोलीला हसू आलं.

काल तिला घरी सोडलं. मी तिला नेसायची नवी रीत दाखवत होते. रोज गाठीची जागा बदलायची, ओलं नेसायचं नाही, आत रुंद पट्ट्याचा परकर घालायचा. ती ऐकत होती, मग म्हणाली, "तुमच्या आई कसं नेसतात आता?"

मी काहीच ठरवलं नव्हतं. पण मी बोलायला लागले. म्हटलं, सैल नेसते. आधी सारखी हाताने वर ओढायची, आता सवय झाली. केस पिकलेत, जरा जाड झाली आहे, चुलीपुढून उठताना गुडघ्यावर हात ठेवते.

"आन् लोकं हसत न्हाईत?"

"हसतात. ती म्हणते, हसू द्या."

"शाबास," ती म्हणाली. "माझा नमस्कार सांगा त्यांस्नी."

मी म्हटलं, सांगते.

हे पत्र टपालात टाकायचा प्रश्नच नाही, आणि दादांनाही मी ते दाखवणार नाही. त्यांना सोसणार नाही. मला खोटं बोलल्याची लाज वाटायला हवी, तशी ती थोडी वाटतेही. पण खरं सांगते, ती गाडीत बसली, बैल चालू लागले, तरी मी फाटकापर्यंत गाडीच्या चाकाशेजारून चालत गेले. तिने तुझ्याबद्दल आणखी काही विचारावं, एवढ्यासाठी.