ताटातली अर्धी भाकर

चाकूर, मंगळवार, संध्याकाळ

बाळंतपणाला माहेरी आलेय, आणि आईनं आजही माझ्या ताटातली अर्धी भाकर काढून घेतली. "बाळ मोठं झालं की सुटका अवघड जाती, बाई."

लातूरला पोरांना जीवशास्त्र शिकवते मी. जीन तेच राहतात, पण गर्भातली उपासमार त्यातले काही कायमचे गप्प करू शकते, हे फळ्यावर लिहिते. इथं मीच गप्प बसले. का?

शेवटी विचारलं, मी पोटात असताना तू किती खायचीस?

"तुझ्या आजीनं मला बी अर्धीच दिली. लई भूक लागायची. बोलले न्हाई कुणाला."

मग तिनंच ती अर्धी भाकर परत माझ्या ताटात ठेवली.

खाल्ली. तरी भूक आहेच, आणि ती नेमकी कोणाची, ते कळत नाही.