सरदार मेंढ्याचे साडेतीन इंच

३ फेब्रु. १९७९, शनि.
सापळा उभा राहिला! शाळेच्या प्रयोगशाळेत आजवर बेडकाच्या वर काही नव्हतं, आता अख्खा मेंढा. उकळणं, सोडा, तारा, सगळं माझं मी शिकलो. मेंढा मेल्यावर शेंद्र्याच्या सखाराम मेंढपाळानं स्वतः आणून दिला होता. "सरदारला मातीत घालवत नाय. तुमच्याकडं उभा ऱ्हाऊ द्या."

५ फेब्रु., सोम.
सखाराम आला. दारातूनच म्हणाला, "ह्यो माजा सरदार नाय."
अरे, तूच आणलास की!
"त्यो लांब व्हता. ह्यो लई बुटका. मास्तर, मेंढरू बदललं का?"
मी कशाला बदलेन! टेप लावला. आणला त्या दिवशीची मापं वहीत आहेत. मानेपासून शेपटीच्या बुडापर्यंत साडेतीन इंच कमी. त्याची नजर बरोबर. पुढच्या सोमवारपर्यंत त्याचा सरदार दिसला नाही तर हाडं नेऊन माळावर पुरणार म्हणतो.

६ फेब्रु.
मणके मोजले. मान ७, बरगड्यांचे १३, कंबर ६. पुस्तकात तेवढेच. तरी शिपाई रहीमभाईंना विचारलं, हंडा ओतताना एखादा गेला का? भडकले. "तो क्या मैं खाया हड्डियां?" विचारायला नको होतं.

७ फेब्रु., बुध.
सापडलं!! जेवताना. सौ. नं मटणातलं छातीचं मऊ पांढरं हाड नेहमीसारखं माझ्या ताटात टाकलं. कुडुम! आणि घास तोंडातच. हे हाड नाहीच, कूर्चा आहे. दोन दिवस सोड्यात उकळल्यावर ती राहील कशाला? गेली मोरीत.
सौ. "अहो, चावा तरी!"
तसाच उठून खाटकाकडं. पाठीचा न तोडलेला तुकडा आणला, चिरला. दोन मणक्यांमध्ये चकती, रबरासारखी. दाबली की परत फुगते. उडी मारली तरी हाडावर हाड आपटत नाही ते हिच्यामुळं. आणि मी मणक्याला मणका चिकटवून बसवला, गाढव! बरगडीचं पुढचं टोक तेच, म्हणून छाती श्वासाला फुलते. सांध्यावर काचेसारखा गुळगुळीत थर. खांद्याच्या फऱ्याची वरची कडसुद्धा. आपल्याही अंगात हेच सगळं. स्वतःच्या नाकाचा शेंडा वाकवून बघत बसलो.
सौ. "नाक राहू द्या जाग्यावर."

८ फेब्रु.
रहीमभाईंना सांगितलं, चूक माझी. "मालूम था," म्हणाले. पण चकत्यांसाठी शहागंजातून जाड नमदा, दाबलेल्या लोकरीचा, त्यांनीच आणून दिला.

११ फेब्रु., रवि.
नमद्याच्या चकत्या २५, शेवटची कंबर आणि पुठ्ठ्याच्या हाडामध्ये. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जाडीच्या, कंबरेत जरा जास्त. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमध्ये चकती नसते, तिथं घातली नाही. बरगड्यांच्या पुढच्या टोकांना भिजवलेला वेत. टेप लावला... साडेतीन इंच भरले! दोनदा मोजले.

१२ फेब्रु., सोम.
सखाराम आला. पाठीवरून हात फिरवला, शेपटीपर्यंत. "लांबी बराबर हाय." मग डोक्यापाशी थांबला.
"कान कुठं हायेत? माजी खूण कानात व्हती."
हे लोक कानाची चीर बघून जनावर ओळखतात. कानही कूर्चाच. कातड्याबरोबर गेला. मला सुचलंच नाही! म्हटलं, चामड्याचा करतो, चीर कशी होती ते सांग.
"सांगून जमायचं नाय. आना हिकडं."
बाकावर बसून आपल्या चाकूनं कापतोय. सरदार आहे की नाही, अजून बोललेला नाही. तीन कान झाले. प्रत्येक उजेडाकडं धरतो, "अशी नव्हती," आणि बाजूला टाकतो. आत्ता चौथा घेतलाय.