हार जिथवर पोचला

हेंद्रेपाडा, बदलापूर
१२ जानेवारी २०२५

चि. उमास,
अ. उ. आ.

फोन सोडून कागद का खरडते आहे, म्हणशील. फोनवर बोललं की अनीश ऐकतो, आणि हे त्याच्या कानावर जायला नको.

खांद्याच्या ऑपरेशननंतर माझा उजवा हात छातीच्या वर जात नाही, हे तुला ठाऊक आहेच. परवा पुन्हा अंबरनाथला त्या खांदेवाल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंदेखील नाही. एक्स-रे बघत अनीशला म्हणाले, ऑपरेशन फर्स्टक्लास झालंय, हात जातो, आईच नेत नाहीत. या वयात बायका थोडं नाटक करतात. आणि अनीश हसला गं. माझा मुलगा हसला! तेव्हापासून घरात मी नाटकी ठरले. वरच्या फळीवरचा चहाचा डबा मागितला की आमच्या सूनबाई, राजसी, गोड आवाजात म्हणतात, आई, व्यायाम म्हणून तुम्हीच काढा ना.

आता गंमत ऐक. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात याच डॉक्टरांचा सत्कार आहे. बऱ्या झालेल्या पेशंटनं हार घालावा अशी त्यांची इच्छा, म्हणून अनीशनं माझं नाव दिलं. मी इतक्या आनंदानं हो म्हटलं की राजसीला संशय आला. काय करू ते लवकर कळव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
मालिनीताई

कॅम्प ४, उल्हासनगर
१७ जानेवारी

ति. मालिनीताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोक्यात तिडीक गेली. यांचं कोपर याच डॉक्टरांनी जोडलं आणि हे आज जीन्सचे गठ्ठे उचलतात, म्हणून आमच्याकडे त्यांना देवाच्या जागी बसवलंय. पण यांनी तेव्हा एक प्रश्न विचारला, तर डॉक्टर तुम्ही की मी, असं ऐकून घ्यावं लागलं होतं. ही गोष्ट आज हेच कबूल करतात.

शेजारची सिंधी भाभी म्हणते, माईक खेचो और पूरी पोल खोल दो. माझं ऐकशील तर तोंड उघडूच नकोस, नाहीतर पुन्हा नाटकच म्हणतील. हार घे, हात जाईल तिथवर ने आणि थांब. डॉक्टर उंच आहेत ना?

आहे तशीच जीव लावत राहा.
तुझी,
उमा

हेंद्रेपाडा
३ फेब्रुवारी

चि. उमास,
अ. उ. आ.

डावा हात डॉक्टरांच्या कानापर्यंत गेला, उजवा छातीशी अडकला. हार तिरपा लोंबत राहिला. डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाले, वर घ्या, वर घ्या. फोटोवाला म्हणाला, आजी, जरा वर. मी आपली हसत उभी. कपाळावर घाम आला, तरी हटले नाही. हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. शेवटी डॉक्टरांना कमरेत वाकावं लागलं. काय सुख झालं म्हणून सांगू!

घरी आल्यावर अनीश थेट स्वयंपाकघरात गेला आणि चहाचा डबा काढून ओट्यावर ठेवला. तेव्हा मात्र मला रडू आलं. डॉक्टरांवरचा राग अजून तसाच आहे.

आठवण ठेव.
तुझी,
मालिनीताई

कॅम्प ४
२० फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

काल यांना तपासायला नेलं होतं. दवाखान्यात शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर तू! हार धरलेली, आणि डॉक्टर वाकलेले. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, रुग्णापुढे सदैव नम्र. लोक कौतुकानं बघतात गं. तू त्यांना वाकायला लावलंस, तर डॉक्टरांनी त्याचीच जाहिरात केली. माझा तर संताप संताप झाला.

रागावलीस तरी माझ्यावर नको.
तुझी,
उमा

हेंद्रेपाडा
१६ मार्च

चि. उमास,
अ. उ. आ.

हल्ली दर गुरुवारी मी त्या फोटोखाली जाऊन बसते. पेशंट फोटोकडे बघतात, माझ्याकडे बघतात आणि विचारतात, या तुम्हीच का. मी हो म्हणते आणि हात कुठवर जातो ते करून दाखवते. वांगणीकडची नवसी म्हणून एक आहे, लाकडं आणताना पडून कोपर दुखावलेली. तिनं विचारलं, डॉक्टर वराडतान का. मी सांगितलं, ओरडले तरी उठू नकोस, सगळं विचारून घे. ती आत बराच वेळ होती.

या गुरुवारी डॉक्टर स्वतः बाहेर आले. पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून बोलले. म्हणाले, तुम्हाला त्रास नको, फोटो उतरवून घेतो. मी म्हटलं, तुम्ही कशाला, मीच काढते की. माझा हात तिथवर पोचला, की त्याच दिवशी.

लोभ तुझा असू दे, राग मी सांभाळते.
तुझी,
मालिनीताई