शेवटची सही तुझी

संग्रामदादा,

आज वाचनालयात मी दिवसभर मराठी पुस्तकांवर ‘रद्द’चा शिक्का मारून राहिली होती. दहा वर्षांत कोणी नेलं नाही, ते पुस्तक रद्दीत. एका पुस्तकाच्या कार्डावर शेवटची सही तुझी निघाली. आपल्या तात्यापारा मोहल्ल्याच्या गणपतीत सिनेमा पाहताना मी मधातच झोपायची, सकाळी शेवट तू सांगायचा. हे पुस्तकही तू मले अर्धंच सांगितलं होतं. वाचवायले म्हणून मी तुझ्या नावासमोर आजची तारीख टाकली.

सोबतचा नीलेश म्हणे, “दीदी, भैया को बुला लो, साइन लगेगा.”

“हव,” म्हटलं, अन् पाच वाजेपर्यंत दाराकडे पाहून राहिली. मग त्या पुस्तकावर ‘रद्द’चा शिक्का मीच मारला.

तुझ्या मृत्यूचा दाखला अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे. तो वाचनालयात दिला असता, तर सभासदांच्या यादीतून तुझंही नाव मलेच रद्द करावं लागलं असतं.

तुझी,
शर्मिष्ठा